फेब्रुवारीतला चिनी पाहुणा आणि आपला ऑगस्ट

प्रति,
ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या शाळांत इतिहास शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि बाईंना,

सप्रेम नमस्कार.

जुलै लागला की शाळाशाळांतून क्रांतिदिनाच्या कार्यक्रमाची जुळवाजुळव सुरू होते. आठवीतला सर्वांत सडपातळ मुलगा गांधीजी होतो. ज्याच्या घरी जाकीट आहे तो नेहरू होतो. अरुणा असफअली कोण होणार यावरून मुलींमध्ये अबोला धरला जातो आणि हॅट घातलेला एक गरीब गोरा साहेब सगळ्यांचा मार खातो. ‘चले जाव’ची आरोळी झाली की टाळ्या पडतात. या कार्यक्रमाची चेष्टा करण्यासाठी मी हे लिहीत नाही. ठाण्यातल्या एका मराठी शाळेत माझी नोकरी याच विषयावर झाली आणि असे कार्यक्रम मी हौसेने बसवले आहेत. यंदा त्यात एक प्रवेश वाढवा, एवढीच विनंती आहे. ऑगस्टच्या आधीचा, फेब्रुवारी १९४२ मधला. पात्रं चार: चीनचे प्रमुख चँग कै-शेक, त्यांच्या पत्नी मादाम चँग, गांधीजी आणि मंचाच्या कडेला कागदपत्रं सांभाळत बसलेला व्हाइसरॉय.

आपण शिकवतो तो क्रम ठरलेला आहे. १९३९ मध्ये युद्ध, मग प्रांतिक मंत्रिमंडळांचे राजीनामे, १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह, १९४२ च्या मार्चमध्ये स्वराज्याची योजना घेऊन आलेले ब्रिटिश मंत्री क्रिप्स, ऑगस्टमध्ये चले जाव. मुलं हे पाठ करतात आणि मार्कही मिळवतात. पण ब्रिटिश मंत्रिमंडळाला मार्चमध्येच क्रिप्सना धाडावंसं का वाटलं, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलीने विचारला तर आपण ‘जपान जवळ आला म्हणून’ एवढं सांगून पुढे सरकतो. उत्तर खोटं नाही, पण अर्धवट आहे. त्या फेब्रुवारीत एका आशियाई देशाचा प्रमुख, तोही ब्रिटनचा दोस्त, इथे येऊन भारतीयांचं गाऱ्हाणं ऐकून गेला आणि जाताना यजमानालाच चार शब्द सुनावून गेला. एकट्या त्याच्यामुळे क्रिप्स आले असं म्हणणं धाडसाचं होईल. पण त्याला वगळून ते वर्ष नीट उलगडत नाही.

तेव्हाची परिस्थिती आठवा. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी इथल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ इतर काँग्रेस मंत्रिमंडळांबरोबर पायउतार झालं. पुढच्या वर्षी १७ ऑक्टोबरला पवनारला पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून विनोबा उभे राहिले. ते आपल्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, हे मुलांना आवर्जून सांगा. हजारो माणसं तुरुंगात गेली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद काढली, प्रत्येक राष्ट्राला आपलं सरकार निवडायचा हक्क आहे असं तीत म्हटलं आणि पुढच्याच महिन्यात चर्चिलनी पार्लमेंटात स्पष्ट केलं की हे भारताला लागू धरू नये. नेहरू आणि काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद डिसेंबर १९४१ च्या सुरुवातीला सुटले. काही दिवसांतच जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. मलाया आणि ब्रह्मदेशातली बातमी दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा वाईट येत होती. मुंबईवर बॉम्ब पडणार या धास्तीने लोक बायकापोरांना गावी पोचवत होते.

अशा वेळी पाहुणा आला. चँग कै-शेक ५ फेब्रुवारीच्या सुमारास कलकत्त्यात उतरले आणि तिथून दिल्लीला गेले. सदिच्छा भेट असं तिचं नाव. पण चीनच्या राजधानीतून, म्हणजे तेव्हाच्या चुंगकिंगहून, युद्ध ऐन भरात असताना कुणी निव्वळ सदिच्छा पोचवायला विमानात बसत नाही. चीन १९३७ पासून जपानशी लढत होता, त्याची बंदरं गेली होती. बाहेरून येणारा शस्त्रसाठा ब्रह्मदेशातल्या रंगूनच्या धक्क्यावर उतरायचा, रेल्वेने लाशिओपर्यंत जायचा आणि तिथून डोंगरातल्या रस्त्याने चीनमध्ये. रंगून गेलं तर उरणार होता फक्त भारत. म्हणून भारत शांत राहणं, भारताने युद्धात मनापासून उतरणं ही पाहुण्याची स्वतःची गरज होती. हे मुलांना नकाशावर दाखवा. नकाशा नसेल तर हा प्रवेश बसवूच नका, कारण मग चँग केवळ गोड बोलणारे मोठे गृहस्थ वाटतील.

व्हाइसरॉयची गणितं वेगळी होती. पाहुण्याने काँग्रेसवाल्यांना समजवावं, ‘आधी युद्ध, मग स्वराज्य’ हे आशियाई माणसाच्या तोंडून वदवावं, एवढ्यासाठीच हा पाहुणचार. चँग यांना मात्र वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटायचं होतं आणि तिथे चर्चिल आडवे आले. दुसऱ्या देशाच्या प्रमुखाने सेवाग्रामची वारी करावी, याने युद्धकार्याला बाधा येईल, असं त्यांनी थेट चँग यांना तारेने कळवलं. गंमत बघा. ज्याला भारतीयांचं मन वळवायला बोलावलं, त्याने ज्याच्याकडे भारतीयांचं मन होतं त्याच्याच दारात जायचं नाही. शेवटी तोडगा निघाला. वर्धा नको, कलकत्ता चालेल. गांधीजी रेल्वेने कलकत्त्याला गेले आणि १८ फेब्रुवारीला बिर्लांच्या घरी दोघं भेटले. भेट सुमारे पाच तास चालली. तीन दिवसांपूर्वी, १५ फेब्रुवारीला, सिंगापूर पडलं होतं, हे लक्षात ठेवून तो प्रसंग डोळ्यांपुढे आणा. मादाम चँग अमेरिकेत शिकलेल्या. नवऱ्याचं चिनी बोलणं इंग्रजीत आणि गांधीजींचं इंग्रजी चिनीत त्याच करत होत्या.

तुमच्या नाटुकल्यात मला हे पाच तास हवे आहेत. अर्थात पाच मिनिटांत.

चँग यांची बाजू कच्ची नव्हती. नानकिंगमध्ये १९३७ च्या डिसेंबरात काय झालं ते त्यांना ठाऊक होतं; पुढे निरोपाच्या संदेशातही त्यांनी त्या कत्तलीची आठवण दिली. जपानी येतात ‘आशिया आशियाई लोकांसाठी’ म्हणत आणि मागे काय ठेवतात, हे आम्ही भोगलं आहे, तुम्ही भोगू नका, असा त्यांच्या बोलण्याचा गाभा. गांधीजींची बाजूही कच्ची नव्हती. गुलाम माणसाने दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी लढायचं, आणि ते आपल्याच मालकाच्या हुकमाने, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? भेटीनंतर काही दिवसांनी गांधीजींनी वल्लभभाईंना पत्र लिहिलं. त्याचा सूर असा की गृहस्थ आले, गेले, मजा आली, छाप काही पडली नाही. इंग्रजांना मदत करा एवढंच त्यांचं म्हणणं. गांधीजींची ही खवचट बाजू मुलांपुढे सहसा येत नाही. येऊ द्या.

चँग जिनांना भेटले, शांतिनिकेतनला जाऊन आले, वायव्य सरहद्दीवर खैबर खिंड पाहून आले. यावर फार वेळ घालवू नका. २१ फेब्रुवारीला निघताना त्यांनी भारतीय जनतेला जो संदेश दिला, तो मात्र वर्गात वाचा. मादाम चँग यांनी तो कलकत्त्याहून नभोवाणीवर इंग्रजीत वाचला. बराचसा संदेश यजमानाला हवा तसाच होता: आक्रमकांविरुद्ध एक व्हा, या लढ्यात तटस्थ राहता येणार नाही. शेवटाकडे मात्र चँग ब्रिटनकडे वळले. भारतीयांनी मागण्याची वाट न पाहता ब्रिटनने त्यांना होईल तितक्या लवकर खरी राजकीय सत्ता द्यावी, अशी आशा त्यांनी जाहीरपणे व्यक्त केली. ज्याच्या घरी जेवलो त्याच्याच अंगणात उभं राहून हे बोलायला हिंमत लागते. चँग यांच्याबद्दल माझं मत एरवी फार बरं नाही. ते का, हे पुढे येईल. पण या एका वाक्यासाठी त्यांना पैकीच्या पैकी.

८ मार्चला रंगून पडलं. तीन दिवसांनी चर्चिलनी क्रिप्स यांना भारतात धाडत असल्याचं जाहीर केलं. योजना फसली. एप्रिलच्या सुरुवातीला विशाखापट्टण आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले. ब्रह्मदेशातून लाखो भारतीय रानावनांतून, डोंगरांतून पायी येत होते आणि त्या वाटांवरही गोऱ्यांची सोय वेगळी, काळ्यांची वेगळी असल्याच्या हकिगती इकडे पोचत होत्या. सरकारवरचा राग भाषणांतून नाही, तिथून वाढला. जो आपलं रक्षण करतो म्हणतो तो पळताना आपल्याला मागे टाकून जातो, हे लोकांनी पाहिलं. त्यात ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला. मुंबई त्या तांदळावर बरीच अवलंबून होती. पुढच्या वर्षी तिथे रेशनिंग आलं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. छाप पडली नाही असं लिहिणाऱ्या गांधीजींनी १४ जून १९४२ रोजी चँग कै-शेक यांना एक लांब पत्र लिहिलं. कलकत्त्यातल्या त्या पाच तासांचा सहवास मी विसरू शकत नाही, असं त्यात आहे. इंग्रजांना जा म्हणण्याचा अर्थ चीनला वाऱ्यावर सोडणं असा घेऊ नका, स्वतंत्र भारत दोस्तराष्ट्रांशी तह करून त्यांची सैन्यं इथे राहू देईल, असंही आहे. अहिंसेचं व्रत घेतलेला माणूस परकी फौजा आपल्या भूमीवर राहू द्यायला तयार होतो, ही साधी गोष्ट नाही. १४ जुलैच्या काँग्रेसच्या वर्धा ठरावात चीनच्या मदतीसाठी दोस्तांच्या सैन्याला मुभा देण्याची भाषा आहे. आणि ८ ऑगस्टला गवालिया टँकवर संमत झालेल्या ठरावात, ज्याच्या नावाने आपण दर वर्षी टाळ्या वाजवतो त्यात, चीन आणि रशिया यांचं स्वातंत्र्य मोलाचं आहे, त्यांच्या संरक्षणात अडचण यावी अशी आमची इच्छा नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे.

‘चले जाव’च्या ठरावात चीन कुठून आला? मुलांना विचारा. फेब्रुवारी शिकवला नसेल तर या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडेही नसेल.

ठरावातली इच्छा एका बाजूला आणि आपल्या जिल्ह्यात जे झालं ते दुसऱ्या बाजूला. १४ ऑगस्टला पालघरच्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, पाच जण गेले. तिथल्या हुतात्मा चौकाची तुम्हांला वेगळी ओळख करून द्यायला नको. पण मला बोलायचं आहे ते आझाद दस्ता या भूमिगत क्रांतिकारकांच्या टोळीबद्दल. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, आणि त्यांचे सहकारी यांनी १९४२ च्या पावसाळ्यानंतर घाटाखालच्या डोंगरांतून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. रात्री जायचं, करवतीने पाय कापायचे, पहाटेपर्यंत रानात. त्या विजेवर मुंबईतल्या गिरण्या आणि कारखाने चालत होते आणि त्या गिरण्यांतून युद्धाचा माल बाहेर पडत होता. मग ‘चीनच्या संरक्षणात अडचण नको’ म्हणणारा ठराव आणि सिद्धगडच्या पायथ्याशी आडवा पडलेला मनोरा, या दोन्ही गोष्टी एकाच चळवळीच्या. त्यांचा मेळ कसा घालायचा?

बरेच जण हा प्रश्न टाळतात, कारण कोतवालांच्या बलिदानाला कमीपणा येईल अशी भीती वाटते. मला वाटतं, टाळल्यानेच तो येतो. आपण त्यांना मनोरे पाडणारा शूर गडी एवढंच करून ठेवतो. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठार चालवणारा, सावकाराच्या कचाट्यातून आदिवासी-कुणब्यांना सोडवू पाहणारा हा विचारी वकील होता. त्याने हाती करवत घेतली तेव्हा दुसरा कोणताही दरवाजा उघडा ठेवलेला नव्हता; पुढारी सगळे एका पहाटेत उचललेले, सभा बंद, वर्तमानपत्रांचे गळे आवळलेले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर पोलिसांनी दस्त्याला गाठलं. कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथे मारले गेले. दर २ जानेवारीला तिथे माणसं जमतात. तुमच्यापैकी कित्येक जण मुलांना घेऊन जात असाल.

त्याआधी चोवीस दिवस, ९ डिसेंबर १९४२ ला, उत्तर चीनमधल्या एका खेड्यात दुसरा एक मराठी माणूस गेला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते १ सप्टेंबर १९३८ ला मुंबई बंदरातून निघाले होते. बाकीचे परतले, ते राहिले. जपानविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता त्यांची प्रकृती ढासळली आणि बत्तिसाव्या वर्षी संपले. कोतवाल तिसाव्या वर्षी. एकाने जपानशी लढणाऱ्यांचे जीव वाचवले, दुसऱ्याने जपानशी लढणाऱ्या साम्राज्याची वीज तोडली. दोघांनाही आपण हुतात्मा म्हणतो आणि बरोबरच म्हणतो. फक्त एकाच वर्गात, एकाच तासाला दोघांची नावं घेत नाही. घेतली तर आठवीतला कुठलाही मुलगा विचारेल, ‘बाई, मग दोघांतलं बरोबर कोण?’ असा प्रश्न यावा, यासाठी माझी ही सगळी खटपट आहे.

आता चँग यांच्याबद्दल माझं मत बरं का नाही ते. कोटणीस ज्या आठव्या मार्ग सेनेत काम करत होते ती चिनी कम्युनिस्टांची. जपानविरुद्ध एकजूट जाहीर झालेली असतानाही चँग यांच्या फौजांनी कम्युनिस्टांच्या प्रदेशाची नाकेबंदी केली होती. जानेवारी १९४१ मध्ये तर त्यांच्या सैन्याने कम्युनिस्टांच्याच नव्या चौथ्या सेनेवर हल्ला चढवला. भारतीयांना खरी राजकीय सत्ता द्या असं लंडनला सांगणारा हा माणूस स्वतःच्या घरी विरोधकाला श्वास घेऊ देत नव्हता. त्याचं ते वाक्य यामुळे खोटं पडत नाही. पण पाहुण्याच्या भाषणावरून पाहुण्याच्या घराची परीक्षा करू नये. आजही कुठल्या देशाचा प्रमुख युद्ध चालू असताना दौऱ्यावर निघाला की त्याच्या वाटेवरचे दुभाजक रातोरात रंगवले जातात आणि दोन्ही बाजू एकमेकांना जुने मित्र म्हणतात. मुलं हे टीव्हीवर पाहतात. तेव्हा कुणाला कशाची गरज आहे, कोणता रस्ता कुठे तुटला आहे, हे विचारायची सवय चँग यांच्या दौऱ्यावर लागू शकते. आजच्या एखाद्या दौऱ्यावर ती लावायला गेलात तर पालकसभेत राजकारण होईल, हे मी अनुभवाने सांगतो.

आणखी एक बाजू प्रवेशात ठेवलीत तर उत्तम. त्या काळात इथले कम्युनिस्ट या युद्धाला लोकयुद्ध म्हणत होते आणि ऑगस्टच्या चळवळीपासून दूर राहिले. त्यांच्यावर त्यानंतर कायम ठपका राहिला. पण युक्तिवाद म्हणून पाहिलं तर ते चँग यांच्याच जवळचं बोलत होते: आधी फॅसिझम हरू द्या. पुढे तीन वर्षांनी याच जिल्ह्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर हे कम्युनिस्ट पुढारी वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभे करत होते, हे ज्यांना माहीत आहे ते ‘देशद्रोही’ हा शिक्का इतक्या सहज मारणार नाहीत. मुलांना बाजू घेऊ द्या. एका गटाने चँग यांचं बोलावं, एकाने गांधीजींचं, एकाने कोतवालांचं. मार्क देताना कुणाची बाजू बरोबर ते बघू नका, बाजू मांडली कशी ते बघा.

नाटुकल्यासाठी सामान फार लागत नाही. गांधीजींचं समग्र वाङ्मय चाळलंत तर १४ जूनचं पत्र सापडेल. त्यातले दोन परिच्छेद मराठीत करून घ्या, आठवी-नववीच्या मुलांना झेपतात. ८ ऑगस्टचा ठराव पूर्ण वाचा, नुसती ‘करेंगे या मरेंगे’ची ओळ नको, ती तर ठरावातही नाही, ती त्या रात्रीच्या भाषणातली. नकाशावर रंगून, लाशिओ, कलकत्ता आणि मुंबई या चार खुणा पुरेत. उल्हासनगरच्या शाळांतल्या शिक्षकांना तर घरचाच पुरावा आहे. ज्या कॅम्पांत त्यांची मुलं राहतात ती त्याच युद्धासाठी उभारलेली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले. युद्ध कल्याणपर्यंत आलं होतं हे सांगायला दुसरं काही लागत नाही.

व्हाइसरॉयचं पात्र मात्र ज्याला मार खायची सवय आहे त्याच मुलाला देऊ नका. या वेळी त्याला हुशार दाखवायचं आहे: पाहुण्याला चहा पाजणारा, गोड बोलणारा आणि वर्ध्याच्या गाडीचं तिकीट निघू न देणारा. वर्गातला सगळ्यांत गोड बोलणारा मुलगा शोधा.

नऊ ऑगस्टला कार्यक्रम म्हणजे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संहिता हवी. मी कच्चा मसुदा केला आहे, चार पानी, त्यात खाडाखोड करायला भरपूर जागा सोडली आहे. नौपाड्यात आहे, शनिवारी शाळा लवकर सुटल्यावर कुणीही या. चर्चिलची तार त्यात घालावी की नाही याबद्दल मी साशंक आहे. मुलांना ती म्हणायला फार आवडेल, पण प्रवेश लांबेल. त्याचं तुम्हीच ठरवा.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
नौपाडा, ठाणे